काका की मामा? अरबी साहित्य मराठीत येताना

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

वसमतच्या हळदीच्या मोंढ्यात घटकाभर कान देऊन उभं राहिलं तर काय ऐकू येईल? हमाल पोती उतरवत असतात. दलाल फिरत असतात. मालक आपल्या मालाची रक्कम किती होते त्याचा हिशेब करत असतो. कुणाची बाकी वसूल व्हायची असते, कुणाला या पट्टीवर कर्ज फेडायचं असतं. हमाल, दलाल, मालक, माल, रक्कम, हिशेब, बाकी, वसूल आणि कर्ज हे नऊच्या नऊ शब्द मुळात अरबी आहेत. ज्या शेतातून ती हळद आली, त्या शेताचे दोन हंगाम म्हणजे खरीप आणि रब्बी. अरबीत 'खरीफ' म्हणजे शरद ऋतू आणि 'रबी' म्हणजे वसंत. मोसमी पाऊस म्हणतो त्यातला 'मोसम' हाही तिकडचाच. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. त्यातला 'जिल्हा' हा शब्द अरबी आणि त्याच्या पोटातला 'तालुका' हाही अरबी.

हे शब्द अरबस्तानातून उंटावर बसून थेट आपल्याकडे आले नाहीत. ते आधी फारसीत मुरले, मग राजदरबाराच्या आणि महसुलाच्या कागदांतून मराठीत उतरले. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथे ते जरा जास्तच रुजले. शब्दांच्या मागोमाग माणसंही आली. हैदराबादच्या फौजेत अरब शिपाई होते. १८१९ साली हिंगोलीच्या पूर्वेला हदगाव भागात नोव्हाच्या किल्ल्यावर लढाई झाली, तेव्हा नोवसाजी नाईकांच्या बाजूने किल्ला लढवणाऱ्यांत अरबांचा भरणा होता.

म्हणजे अरबी शब्द आपल्या तोंडात आहेत आणि अरब माणसं आपल्या इतिहासात आहेत. मग अरबी पुस्तकांचं काय? धर्मग्रंथ बाजूला ठेवू. कुराणाचे मराठी अनुवाद झालेले आहेत. पण अरबी भाषेतल्या गोष्टी, आठवणी, प्रवासवर्णनं, स्वयंपाकाची पुस्तकं हा जो मोठा ठेवा आहे, तो मराठी वाचकाला बहुतेक वेळा इंग्रजीच्या वाटेने भेटला आहे. मध्ये अशी एक भाषा उभी असली की काय मिळतं आणि काय हातातून निसटतं, हे आज आपण पाहणार आहोत.

मुंगसाचा कुत्रा कसा झाला

सुरुवात आपल्याच घरातून करू. ब्राह्मणाची बायको आणि मुंगूस ही पंचतंत्रातली गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. पाळण्यातल्या बाळाला वाचवण्यासाठी मुंगूस सापाला मारतं. त्याच्या तोंडाला लागलेलं रक्त पाहून आई समजते की याने माझं मूल खाल्लं, आणि रागाच्या भरात त्या मुंगसालाच मारून टाकते.

पंचतंत्र सहाव्या शतकात इराणला गेलं. खुस्रू अनुशिरवान बादशहाच्या काळात बुर्झोय नावाच्या वैद्याने ते पहलवी म्हणजे जुन्या फारसी भाषेत नेलं. सुमारे ७५० च्या सुमारास इब्न अल-मुकफ्फा या लेखकाने पहलवीवरून ते अरबीत आणलं. पंचतंत्रातल्या करटक आणि दमनक या दोन कोल्ह्यांच्या नावावरून अरबी पुस्तकाचं नाव पडलं 'कलीला व दिम्ना'. अरबी गद्यातल्या सुरुवातीच्या उत्तम पुस्तकांत त्याची गणना होते. पुढे त्यावरून ते सिरियाक, हिब्रू, लॅटिन, स्पॅनिश अशा भाषांत गेलं. स्पॅनिश अनुवाद १२५१ सालचा. इंग्रजीत ते १५७० साली पोचलं.

या प्रवासात मुंगसाचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. अरबी पुस्तकात त्याच्या जागी 'इब्न इर्स' आला. हा मुंगसासारखाच लांबट, चपळ, पण वेगळा प्राणी. युरोपात गेल्यावर त्याचा कुत्रा झाला, कारण तिकडच्या घरात पाळण्याजवळ कुत्राच असायचा. वेल्समध्ये तर गेलर्ट नावाच्या अशाच एका कुत्र्याची समाधी आजही दाखवतात. गोष्ट तीच, पश्चात्ताप तोच. प्राणी मात्र प्रत्येक मुक्कामावर बदलला.

याला कुणी बिघाड म्हणेल, कुणी म्हणेल यामुळेच तर गोष्ट जगली. दोन्ही खरं आहे. पण एका माणसाला ही गोष्ट फार खटकली होती. अल-बिरूनी हा अकराव्या शतकातला थोर विद्वान. तो संस्कृत शिकला, पतंजलीच्या योगसूत्रांचा त्याने अरबीत अनुवाद केला आणि सुमारे १०३० मध्ये हिंदुस्थानावरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की पंचतंत्राचा अनुवाद आपल्याला स्वतःला करता आला असता तर बरं झालं असतं; कारण ते पुस्तक अशा हातांतून गेलं आहे की मजकूर बदलला गेला नसेल याची खात्री देता येत नाही. इब्न अल-मुकफ्फाने बुर्झोयचं एक प्रकरण आपल्या पदरचं घातलं, असा त्याचा आक्षेप होता. हजार वर्षांपूर्वी एका अरबी लेखकाने अनुवादावरून केलेल्या अनुवादाबद्दल केलेली ही तक्रार आहे. आपल्याला तीच तक्रार आज उलट्या दिशेने करता येते.

सुरस आणि चमत्कारिक

मराठी घरात अरबी गोष्टी आल्या त्या चिपळूणकरांमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' इंग्रजीवरून मराठीत आणायला घेतल्या. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि हरि कृष्ण दामले यांचाही त्या कामाला हात लागला. 'सुरस आणि चमत्कारिक' ही जोडी मराठी बोलण्यात इतकी रुळली की पुस्तक न वाचलेला माणूसही ती वापरतो. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९७०च्या दशकात, गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी 'अरेबियन नाइट्स'चा सोळा खंडांत मराठी अनुवाद केला. एका बाईने एकटीने उचललेलं हे काम किती प्रचंड आहे, हे ते खंड समोर ठेवले म्हणजे कळतं. चिपळूणकरांच्या वेळी पुस्तक घरातल्या सगळ्यांच्या हाती देता यावं ही काळजी होती. गौरीबाईंनी काही झाकून ठेवलं नाही.

पण इंग्रजीत तरी या गोष्टी कुठून आल्या? युरोपला त्या आधी फ्रेंचमध्ये मिळाल्या. अँतोआन गॅलां या फ्रेंच विद्वानाने १७०४ ते १७१७ या काळात बारा खंड काढले. त्याच्याकडे सीरियातून आलेलं एक अरबी हस्तलिखित होतं. त्यात गोष्टी थोड्याच होत्या आणि वाचकांची मागणी तर वाढत होती. १७०९ साली पॅरिसमध्ये त्याला हन्ना दियाब नावाचा एक तरुण भेटला. हा अलेप्पोचा, मॅरोनाइट ख्रिस्ती. त्याने गॅलांला तोंडी गोष्टी सांगितल्या. अल्लाउद्दीन आणि जादूचा दिवा ही त्यातलीच एक, आणि अलीबाबा व चाळीस चोर ही दुसरी. म्हणजे ज्या दोन गोष्टींमुळे आपल्याकडे पोरासोरांना अरेबियन नाइट्स माहीत आहे, त्या गॅलांजवळच्या अरबी हस्तलिखितात नव्हत्याच. एका मुशाफिराने त्या पॅरिसमध्ये बसून सांगितल्या. गॅलांने आपल्या रोजनिशीत हन्नाचं नाव लिहून ठेवलं. छापील पुस्तकात मात्र ते आलं नाही.

हन्ना परत अलेप्पोला गेला आणि कापडाचा व्यापार करू लागला. म्हातारपणी, १७६०च्या दशकात, त्याने आपल्या तरुणपणच्या प्रवासाच्या आठवणी अरबीत लिहिल्या. ते हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात पडून होतं. त्याचा फ्रेंच अनुवाद २०१५ मध्ये आणि इंग्रजी अनुवाद २०२१ मध्ये निघाला. त्यात समुद्रावरची वादळं आहेत, पॅरिसमधली १७०९ची भयंकर थंडी आहे, आणि चौदाव्या लुईच्या दरबारात वाळवंटातले उड्या मारणारे उंदीर पिंजऱ्यातून नेऊन दाखवल्याचा किस्साही आहे. गॅलांबद्दल तो काय लिहितो? एक म्हातारा गृहस्थ आपल्याकडे यायचा, त्याच्या पुस्तकात काही रात्री कमी पडत होत्या, त्या आपण गोष्टी सांगून भरून दिल्या. एवढंच. त्या पुस्तकाने जग वेडं केलं हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नसावं.

हे सगळं आपल्याला कळलं ते कुणी तरी त्याच्या आठवणी अरबीतून वाचल्या म्हणून. तीनशे वर्षं गोष्टी जगभर फिरत राहिल्या आणि सांगणारा गायब होता.

अम्म, खाल आणि अंकल

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मधली भाषा इंग्रजी असली की काय निसटतं? सगळ्यात आधी नाती निसटतात.

अरबीत बापाचा भाऊ म्हणजे 'अम्म' आणि आईचा भाऊ म्हणजे 'खाल'. बापाची बहीण 'अम्मा', आईची बहीण 'खाला'. मराठीत याच क्रमाने चुलता, मामा, आत्या आणि मावशी. चाराला चार शब्द आहेत, ओढाताण न करता बसतात. 'खाला' तर हिंगोलीच्या उर्दू बोलणाऱ्या घरांत रोज कानावर पडतो. पण मध्ये इंग्रजी आली की चाराचे दोनच उरतात, अंकल आणि आंट. आणि चुलत, मामे, आते, मावस अशा सगळ्या भावंडांचा मिळून एकच 'कझिन'. बर्टनसारखा काटेकोर अनुवादक 'चुलत्याची मुलगी' असं फोडून लिहितोही. पण सोप्या आणि संक्षिप्त इंग्रजी पुस्तकांत कझिनवर भागवलं जातं. अशा पुस्तकावरून मराठीत आणणाऱ्याला मग अंदाज करावा लागतो. हा अंकल काका करू की मामा?

यात बिघडण्यासारखं काय आहे, असं वाटेल. एक उदाहरण पाहू. अरेबियन नाइट्समध्ये अझीझ आणि अझीझाची गोष्ट आहे. दोघं एकत्र वाढलेली, लग्न ठरलेलं. लग्नाच्याच दिवशी अझीझ एका खिडकीतल्या अनोळखी बाईवर भुलतो. ती बाई बोलत नाही, नुसत्या खुणा करते. त्या खुणांचा अर्थ त्याला कळत नाही. तो घरी येऊन कुणाला विचारतो? अझीझालाच. आणि ती मनातलं दुःख गिळून त्याला प्रत्येक खुणेचा अर्थ सांगत राहते, त्याला त्या दुसरीकडे जायला मदत करते आणि शेवटी झुरून मरते. ही अझीझा त्याच्या चुलत्याची मुलगी आहे.

अनुवादकाने 'कझिन'चं 'मामेबहीण' केलं, तर मराठी वाचकाला काहीच खटकणार नाही. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे चालत आलेलं आहे. 'चुलतबहीण' लिहिलं तर पुष्कळ घरांतला वाचक दचकेल, कारण आपल्याकडे चुलतबहीण म्हणजे बहीणच. पण अरबांमध्ये चुलत्याच्या मुलीवर पहिला हक्क चुलतभावाचा, अशी रीत होती. नवरा बायकोला हाक मारतानाही 'माझ्या चुलत्याच्या मुली' असं म्हणतो, मग ती खरोखर चुलतबहीण असो वा नसो. अझीझाचा हक्क किती मोठा होता आणि तिने तो किती मुकाट्याने सोडला, हे ही रीत कळल्याशिवाय कळत नाही. म्हणजे नुसता बरोबर शब्दही पुरत नाही. त्याला एका ओळीची तळटीप लागते. पण तळटीप कुठे द्यायची, हे कळायलाही आधी मूळ शब्द कोणता होता ते माहीत हवं.

उलट बाजूही आहे. त्याच पुस्तकात बगदादच्या तीन बहिणींची एक प्रसिद्ध गोष्ट आहे. त्यातली एक बाजारात येते आणि फळं, फुलं, मांस, सुकामेवा, मिठाई, अत्तरं असा डोंगराएवढा बाजार करते. तो डोक्यावर वाहून नेणारा माणूस या गोष्टीचा नायक आहे. इंग्रजीत तो 'पोर्टर'. अरबीत तो 'हम्माल'. मराठी माणसाला तो सांगायला काही वेगळं करावं लागतं का? मोंढ्यातला आपला हमालच तो.

भूक आणि आठवणी

गोष्टींचं झालं. आता आत्मचरित्रांकडे वळू. ताहा हुसेन हे इजिप्तचे थोर लेखक, जन्म १८८९. लहानपणी डोळे आले, उपचार गावच्या न्हाव्याने केले आणि मुलगा कायमचा आंधळा झाला. गावातल्या कुत्ताबमध्ये, म्हणजे मशिदीच्या शाळेत, त्याने कुराण पाठ केलं. पुढे कैरोच्या अल-अझहरमध्ये, मग पॅरिसला गेला, डॉक्टरेट मिळवली आणि १९५० मध्ये इजिप्तचा शिक्षणमंत्री झाला. शिक्षण पाण्यासारखं आणि हवेसारखं सगळ्यांना मिळालं पाहिजे, असं तो म्हणत असे. 'अल-अय्याम' म्हणजे 'दिवस' हे त्याचं आत्मचरित्र १९२०च्या दशकात आलं आणि १९३२ मध्ये त्याचा पहिला भाग इंग्रजीत निघाला. या पुस्तकात तो स्वतःला 'मी' म्हणतच नाही. 'तो मुलगा' आणि 'आपला दोस्त' असं तिऱ्हाइतासारखं लिहितो.

दुसरा मोरोक्कोचा मुहम्मद चौक्री. दुष्काळातून पळून आलेलं कुटुंब, घरात मारहाण, रस्त्यावर काढलेलं बालपण. विसाव्या वर्षी तो अक्षरं शिकला. त्याच्या आठवणींचं पुस्तक मूळ भाषेच्या आधी अनुवादात छापलं गेलं: १९७३ मध्ये पॉल बोल्स याने ते इंग्रजीत काढलं आणि अरबी पुस्तक निघायला १९८२ उजाडलं. लगेच त्यावर मोरोक्कोत बंदी आली, ती २००० पर्यंत टिकली. इंग्रजीत त्याचं नाव साधारण 'फक्त भाकरीसाठी' अशा अर्थाचं आहे. ज्या भाषेत दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आणि लक्ष्मण मान्यांचं 'उपरा' १९८० साली आलं, त्या भाषेला हे पुस्तक परकं वाटायचं कारण नाही. भुकेसाठी आणि अपमानासाठी लागणारे शब्द मराठी लेखकांनी स्वतः कमावलेले आहेत. हे शब्द इंग्रजीकडून उसने आणायची गरज नाही.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. खलील जिब्रान हा आपल्याकडचा सर्वांत लाडका अरब लेखक. वि. स. खांडेकरांनी 'सुवर्णकण'मध्ये त्याच्या रूपककथा मराठीत आणल्या. जिब्रान १८८३ मध्ये लेबनॉनमध्ये जन्मला आणि आधी अरबीत लिहीत होता हे खरं. पण त्याची जी पुस्तकं जगभर गाजली ती त्याने अमेरिकेत राहून इंग्रजीतच लिहिली. तेव्हा जिब्रान वाचला म्हणजे अरबी साहित्य वाचलं, असं धरून चालता येत नाही.

आणि एका अरबी प्रवासवर्णनात तर आपणच आहोत. इब्न बतूता हा मोरोक्कोचा मुशाफिर १३४२ मध्ये दिल्लीहून निघाला आणि दौलताबादेला आला. तिथल्या द्राक्षांचं आणि डाळिंबांचं तो कौतुक करतो. किल्ल्यातल्या तुरुंगात मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत, असं सांगतो. नंदुरबारच्या मराठ्यांविषयी तो लिहितो की हे लोक भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, जिवाला दुखवणं त्यांना आवडत नाही आणि जेवणाआधी ते अंग धुतात. पावणेसातशे वर्षांपूर्वीचं आपलं ताट एका अरबी पुस्तकात असं नोंदलेलं आहे.

ताटातली अरबी

ताटाचा विषय निघालाच आहे. अरबी भाषेत स्वयंपाकाची पुस्तकं फार आधीपासून आहेत. दहाव्या शतकात इब्न सय्यार अल-वर्राक याने बगदादमध्ये असं एक पुस्तक तयार केलं. त्यात सहाशेहून अधिक पाककृती आहेत. नवाल नसरल्लाह या इराकी विदुषीने २००७ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला. १२२६ मध्ये अल-बगदादी याने दुसरं लिहिलं. सुखाचे सहा प्रकार सांगून त्यात खाण्याचं सुख पहिलं, असं त्याने सुरुवातीलाच बजावून टाकलं. त्याचे इंग्रजी अनुवाद दोनदा झाले, १९३९ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये.

ही पुस्तकं मराठी माणसाने उघडली तर काय दिसेल? 'जलाबिया' दिसेल, जी फारसीत 'जुलबिया' झाली आणि आपल्याकडे जिलेबी. 'हलवा' दिसेल, तो तर नावासकट आला. गहू आणि मांस रात्रभर शिजवून, घोटून केलेला 'हरीसा' दिसेल; रमजानच्या दिवसांत मराठवाड्यात मिळणारं हलीम त्याच्याच घराण्यातलं. 'तन्नूर' म्हणजे तंदूर. 'सम्न' म्हणजे तूप. हा शब्द इंग्रजीत नेताना अनुवादकाला लोणी कढवून गाळून वगैरे चार शब्द खर्चावे लागतात; आपल्याकडे दोन अक्षरांत काम होतं. चिंचेला अरबी माणूस 'तम्र हिंदी' म्हणतो, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर. त्यावरूनच इंग्रजीतला 'टॅमरिंड' झाला. आणि हळदीला अरबीत 'कुर्कुम'. त्यावरून वनस्पतिशास्त्रज्ञांनी हळदीच्या जातीला 'कुर्कुमा' नाव दिलं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या हळदीचं शास्त्रीय नाव 'कुर्कुमा लोंगा'. म्हणजे मोंढ्यातल्या हमालापासून पोत्यातल्या मालापर्यंत अरबी आहे.

सगळंच सोपं आहे असं मात्र नाही. त्या पुस्तकांत 'मुर्री' नावाचा एक पदार्थ पानोपानी येतो. सातूचं पीठ मळून, ते आठवडेच्या आठवडे आंबू देऊन त्यापासून काढलेला हा खारट रस. तो आता कुणी करत नाही. त्याला मराठीत शब्द नाही, इंग्रजीतही नाही. तिथे चांगला अनुवादक मूळ शब्द ठेवतो आणि तो काय होता ते सांगतो. 'चटणी' किंवा 'लोणचं' लिहून वेळ मारून नेत नाही.

हे काम कोण करणार?

अरबीतून थेट मराठीत आणायचं तर अरबी येणारे लोक कुठून आणायचे, असा प्रश्न लगेच येतो. इतिहासात पाहिलं तर आपण त्या भाषेपासून फार लांब नव्हतो. १८८८ साली हैदराबादेत 'दायरतुल मआरिफ' ही संस्था निघाली. जुनी अरबी हस्तलिखितं शोधून, तपासून छापणं हे तिचं काम. अल-बिरूनीचा हिंदुस्थानावरचा तो ग्रंथ १९५८ मध्ये मूळ अरबीत तिथूनच निघाला. १९५६ पर्यंत हिंगोली ज्या हैदराबाद राज्यात होती, त्याच्या राजधानीत जगातले अरबी विद्वान ज्यांची पुस्तकं मागवत ती संस्था होती. आपल्याच मराठवाड्यातल्या निलंग्यात १९१० मध्ये जन्मलेले सेतुमाधवराव पगडी याच राज्यात नोकरी करत राहिले आणि फारसी साधनं थेट मराठीत आणून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाचं फार मोठं काम केलं. शिवाय आदिवासींच्या भाषाही शिकले. विनोबा तर कुराण मुळातून वाचता यावं म्हणून अरबी शिकले. तेव्हा मराठी माणसाला हे जमणार नाही, असं म्हणण्यात अर्थ नाही.

आजही हिंगोली, कळमनुरी, वसमत अशा गावांत मदरशांमधून अरबी शिकलेले लोक आहेत. ही अरबी जुन्या ग्रंथांची. कामासाठी आखाती देशांत राहून आलेल्यांच्या कानावर तिथली बोली पडलेली असते. उर्दू माध्यमाच्या शाळांत मराठी शिकवली जाते. आणि त्याच गावांत मराठी उत्तम लिहिणारे शिक्षक आहेत. हे सगळे एकमेकांना मोंढ्यात भेटतात. पुस्तकाच्या निमित्ताने भेटत नाहीत.

बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदो शहरात अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये गेले ते कसे, हे पाहा. एक जण अरबी वाचून तिथल्या बोलीत सांगायचा, दुसरा ऐकून लॅटिनमध्ये लिहायचा. दोघांपैकी कुणालाच दोन्ही भाषा पूर्ण येण्याची अट नव्हती. एकमेकांवर विश्वास आणि एकत्र बसण्याची चिकाटी एवढं पुरलं. त्यातून युरोपला वैद्यक, गणित आणि तत्त्वज्ञान मिळालं. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. सुरुवातीला ताहा हुसेनच्या बालपणातली दहा पानं किंवा अल-वर्राकच्या दहा पाककृती पुरेत.

यात फायदा फक्त साहित्याचा नाही. अरब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक तर दिव्यातला राक्षस येतो, नाही तर बातम्यांमधलं युद्ध. दोन्ही चित्रं आपल्याला दुसऱ्यांनी काढून दिलेली. ज्या माणसांच्या भाषेतले हमाल आणि हिशेब आपण रोज वापरतो, त्यांची आई मुलाला कशी रागावते, त्यांच्या मामाचा आणि चुलत्याचा मान कसा वेगळा असतो, त्यांच्या चुलीवर काय शिजतं, हे त्यांच्या तोंडून ऐकलं तर ती माणसं आपल्यासारखी दिसू लागतात. आणि गल्लीतल्या ज्या शेजाऱ्याला त्या भाषेची अक्षरं येतात, त्याच्याकडे काहीतरी शिकण्यासारखं आहे, हेही ध्यानात येतं.

तोवर वाचक म्हणून आपल्या हातात एवढं आहे. ग्रंथालयात अनुवादित पुस्तक हाती घेतलं की आतलं पहिलं पान उघडून तीन गोष्टी बघाव्यात. हे पुस्तक कोणत्या भाषेवरून मराठीत आलं? मूळ लेखकाबरोबर मधल्या अनुवादकाचं नावही दिलं आहे का? आणि अनुवादकाने अवघड शब्दांचं काय केलं, ठेवले, समजावले की गाळले? पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नसेल तर ग्रंथपालांना विचारावं, प्रकाशकाला एक पोस्टकार्ड टाकावं. वाचक विचारू लागले की छापणाऱ्यांना सांगावं लागतं. आणि गोष्टीत अंकल भेटला, तर हा चुलता की मामा, एवढा प्रश्न मनात जरूर येऊ द्यावा.